लेखी द्या

लेखीकाकांचं खरं नाव आमच्या सोसायटीत फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर दिसतं. तुमच्याकडेही असं कुणी असणारच, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. कोथरूड, पेन्शन, खिशाला पेन, काखेत फाईल. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात सगळी नोकरी झाली. काकांच्या सहीशिवाय तिथून एक गोळी दाराबाहेर पडत नसे म्हणतात. म्हणतात, म्हणजे काकाच म्हणतात.

कलिंगडवाला म्हणाला, "लालभडक निघेल, काका." काका म्हणाले, "लेखी द्या." दातांचा डॉक्टर म्हणाला, "अजिबात दुखणार नाही." तोंडात नळ्या असल्यामुळे काकांना बोलता येईना, तर त्यांनी हवेत बोट फिरवून सही करण्याची खूण केली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या साखरपुड्यात नवरदेव भावनेच्या भरात म्हणाला, "मी हिला आयुष्यभर सुखात ठेवीन." सगळे गहिवरले आणि मागच्या रांगेतून ते दोन शब्द आलेच. माझी शिडी उसनी नेताना शिडी धड असल्याचं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. शिडी माझी, चढणार ते, सही मात्र माझी.

अशा माणसाने नव्या गाडीला बाहेरची अलॉय चाकं बसवावीत, हे खरं वाटत नाही. पण चाकं मुलाने बेंगळुरूहून येऊन वाढदिवसाला घेऊन दिली, आणि मुलाकडून आलेल्या वस्तूला बाप नाही म्हणत नाही. काकांनी नाही म्हटलं नाही, गणित केलं. कंपनीचं चाक १८५/६५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, तिच्या ६५ टक्के उंची, आणि आतली रिम १५ इंची. नवं चाक १९५/५५ आर १६. कालनिर्णयच्या पानामागे बेरीज मांडली : जुन्याचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, नव्याचा ६२०.९. फरक सहा दशांश मिलिमीटर. हा आकडा काकांनी नंतर इतक्यांना सांगितला, की वॉचमनलाही पाठ झाला. रिमचा ऑफसेट मूळचाच, मधल्या भोकाचं माप मूळचंच, हे नाना पेठेतल्या दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं. घरी येऊन व्हर्नियरने पुन्हा मोजलं. जुनी चारही चाकं टायरसकट गॅलरीत आडवी ठेवली आणि त्यांच्यावर तुळस, ओवा, गवती चहा असे मानाप्रमाणे बसवले.

आठ-नऊ महिन्यांनी गाडी घुमायला लागली. चाळीसच्या पुढे गेलं की पुढून डावीकडून घूंऽऽ. उजवीकडे वळलं की आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की दबायचा. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, हे काकांनी सर्व्हिस सेंटरला जाण्याआधीच फाईलमध्ये नोंदवलं होतं. मी साक्षीदार म्हणून सोबत. माझी संमती कुणी लेखी घेतली नव्हती, एवढीच गोष्ट तोंडी चालली.

मॅनेजरने बोनेटकडे पाहिलंच नाही. चाकांकडे पाहिलं.

"बाहेरची व्हील्स आहेत, काका. वॉरंटीत बसणार नाही."

"लेखी द्या."

त्या एसी खोलीत एकाएकी सगळ्यांना काहीतरी काम आठवलं. नंतर माझ्या लक्षात आलं, की नकार देणारे तिथे पुष्कळ होते, पण एकाच्याही हाताला पेन लागत नव्हतं. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, उद्या तो दिलाच नव्हता असंही म्हणता येतं. काकांच्या दोन शब्दांची चेष्टा करण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण त्या शब्दांनी माणसांचे चेहरे कसे उतरतात ते मी तिथे पाहिलं.

बरं, त्याच फेरीत मागच्या दाराची काच खाली जात नाही, हेही सांगायचं होतं. मॅनेजर म्हणाला, "अलॉय आहेत ना." एसी थंड करत नाही. "अलॉय." वायपरचं पाणी काचेऐवजी टपावरून मागे उडतं. त्याने पुन्हा चाकांकडे सूचक पाहिलं. मला वाटलं, काकांच्या गुडघेदुखीचाही विषय निघाला तर बरं, तिचंही कारण कळेल.

वॉरंटीची पुस्तिका काकांनी वाचली आहे. ती छापणाऱ्याने तरी वाचली होती का, शंका आहे. ब्रेकपॅड, क्लच, बल्ब, वायपरचं रबर वगळलेलं. नेहमीची झीज वगळलेली. गाडीच्या कामावर परिणाम न करणारे आवाज आणि कंपनंही वगळलेली. गाडीचं जे जे फिरतं, घासतं किंवा बोलतं ते काढून घेतल्यावर जे उरतं, त्याला संपूर्ण संरक्षण आहे.

मॅनेजरचं सगळंच चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. ऑफसेट कमी झाला की चाक बाहेर सरकतं, भार बेअरिंगपासून दूर जातो आणि बेअरिंग लवकर मरतं. मधलं भोक मोठं असेल तर चाक हबवर न बसता नुसत्या नटांच्या भरवशावर राहतं आणि थरथरतं. हौशी पोरं रुंद चाकं चिखलपट्टीबाहेर काढून फिरतात आणि मग कंपनीच्या नावाने बोंब मारतात. काकांच्या चाकांत यातलं काही नव्हतं. मग मॅनेजरने शेवटचं अस्त्र काढलं : टायरची कड तेरा मिलिमीटरने कमी झाली, खड्ड्याचा दणका थेट बेअरिंगला बसला.

"म्हणजे खड्ड्यांमुळे गेलं? लेखी द्या. महापालिकेत लावतो."

मग फाईल उघडली. भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड, आणि बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करायची नाही, त्याच्या चुकीने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारायची, असा दंडक. आदेश दुरुस्तीबद्दल होता, चाकांबद्दल नव्हे. तो भाग काका जरा हळू वाचत. कंपन्या अपिलात गेल्या, हा भाग त्याहून हळू. त्यानंतर न्यू जर्सीच्या पुतण्याने धाडलेला, अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे कंपनीने दाखवायचं.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "काका, हे बाणेर आहे."

मग काका ग्राहक आयोगाच्या भाषेत बोलू लागले. जिल्हा आयोग, २०१९ चा कायदा, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा काका विशीत होते. त्या पिढीला पावती ही देवघरात ठेवण्याची वस्तू वाटते. आम्ही ती दुकानाच्या दारातच चुरगळतो.

आयोगापुढे पुरावा हवा. म्हणून पुढच्या खेपेला कुंड्या खाली उतरल्या, गॅलरीतली चारही चाकं घासून गाडीत चढली आणि सर्व्हिस सेंटरच्या एका पोरसवदा ॲडव्हायझरने, मॅनेजर जेवायला गेलेला असताना, ती बसवून फेरी मारली. कंपनीच्या चाकांवरही तेच घूंऽऽ, तितकंच. एका चाकातून ओव्याचं रोप डोकावत होतं, त्याचा बेअरिंगशी संबंध नसल्याचं पोराने मान्य केलं. काका म्हणाले, "लेखी दे." आणि त्याने दिलं! जॉबकार्डावर, स्वतःच्या अक्षरात : मूळ चाकं लावून तपासलं, आवाज कायम, डाव्या पुढच्या बेअरिंगमध्ये दोष. खाली सही. काका तो कागद इतका वेळ पाहत राहिले की मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या.

आठवड्याने तो पोरगा हेल्मेट हातात घेऊन काकांच्या दारात उभा. मी अर्जावर साक्षीदाराची सही करायला बसलेलो.

"काका, तो कागद आयोगात लागला तर माझं काही खरं नाही. सर विचारतायत, कुणी लिहिलं म्हणून."

"लिहिलंयस ते खरं ना?"

"खरंय."

"मग झालं. चहा घे."

पोरगा चहा न घेताच गेला. काकांनी अर्ज तसाच फाईलला लावला. मी म्हटलं, पुढची तारीख कधी? ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी बेअरिंगचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून आले. मॅनेजर काउंटरवर हसून म्हणाला म्हणे, "पटलं ना शेवटी, काका?" आणि काकांनी त्याच्याकडून काहीही लेखी मागितलं नाही. सोसायटीत त्या दिवसापासून काका हरले अशीच बातमी आहे, आणि ती खोडायला ते कुठेही गेलेले नाहीत.

मीच चिडून विचारलं, जिंकलेली केस सोडलीत कशाला? काका गॅलरीत तुळस पुन्हा चाकावर बसवत होते.

"आमच्या तपासणीत सही करणाऱ्याला सांभाळावं लागायचं हो. नाहीतर पुढच्या वेळी कोण करणार सही?"

या माणसाने माझ्याकडून शिडीचंही लिहून घेतलंय, हे मला तेव्हा आठवायला नको होतं.

मग कंपनीचा तो फोन आला. एरवी या फोनसाठी पोरं अजिजी करतात, की सर, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचा पगार कापतात. याने बिचाऱ्याने तेही सांगितलं नव्हतं. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"ॲडव्हायझरला किती गुण द्याल, सर?"

"दहा."

"आणि एकूण सर्व्हिसला?"

"ते लेखी कळवतो. पत्ता सांगा."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली, मग बाई फार अदबीने म्हणाली, "सॉरी सर, आमच्याकडे लेखी घ्यायची सोय नाहीये."