समान नाना

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात एस.टी.तून उतरा, थांब्याच्या टपरीवर एक समान नाना बसलेले असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. आमच्या अष्टागरातले नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. नोकरी संपली, लेखापरीक्षण संपलं नाही. पूर्वी ते ग्रामपंचायतींच्या खर्चावर आक्षेप काढत, आता भारत सरकारच्या निधर्मीपणावर काढतात.

'समान' ही पदवी गावानं दिलेली. विषय सुपारीच्या भावाचा असो की 2020 च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या भरपाईचा, गाडी "कायदा सगळ्यांना समान पाहिजे की नको?" या प्रश्नावर येऊनच थांबते. "पाहिजे" म्हणालात तर पाऊण तास गेला. "नको" म्हणायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

नानांपाशी दोनशे पानी वही आहे. लाल शाईनं आखलेली, डावीकडे 'त्यांना', उजवीकडे 'आपल्याला'. डावी बाजू गच्च भरलेली. शाहबानोचा 1985 चा निकाल आणि तो फिरवणारा 1986 चा कायदा. हज यात्रेचं अनुदान. अल्पसंख्याकांच्या शाळांना संरक्षण देणारं कलम 30. मग देवळांचं प्रकरण: पंढरपूरचा 1973 चा कायदा, सिद्धिविनायकाचा 1980 चा, शिर्डीचा 2004 चा. प्रत्येकापुढे लाल शाईत 'खुलासा व्हावा'. आणि सांगायला हवं, की यातली एकही नोंद खोटी नाही. गाव व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पुढे ढकलत असताना नाना कलम आणि साल देऊन बोलतात. या बाबतीत मी त्यांना मानतो.

अडचण उजव्या बाजूची आहे. ती कोरी आहे. हजचं अनुदान बंद करा असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली सांगितलं आणि 2018 साली ते बंदही झालं, हे नानांना माहीत आहे. पण नोंद खोडलेली नाही. "आरंभीची शिल्लक आहे ती," म्हणतात. कुंभमेळ्याचा सरकारी खर्च? "तो पायाभूत सुविधा या लेखाशीर्षाखाली जातो." गणपतीला कोकणात येणाऱ्या गाड्यांना टोलमाफी? "वाहतूक." हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळणारी आयकराची सोय, जी नाना दर वर्षी न चुकता घेतात? "ती वैयक्तिक बाब झाली." वक्फ मंडळसुद्धा सरकारी कायद्यावरच चालतं आणि त्याचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारच नेमतं, असं एकदा कोणी म्हणालं. नानांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तपासून सांगतो." या गोष्टीला आता बरेच महिने झाले.

भोंग्यांचा विषय निघाला तेव्हा नानांनी मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप उतरवून घेतलं. 2000 सालची ध्वनिप्रदूषणाची नियमावली त्यांना पाठ आहे: रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. पहाटे पडवीत मफलर बांधून, मोबाइल मशिदीच्या दिशेनं धरून उभे राहायचे. आकडा आला 62. लगेच अर्ज, सोबत स्क्रीनशॉटच्या तीन प्रती. अर्ज रास्तच होता. मग कार्तिक लागला आणि नाना ज्या देवळाचे खजिनदार आहेत तिथली काकडआरती पहाटे सुरू झाली. तीही भोंग्यावरच. हवालदारानं दोन्हीकडे एकाच मजकुराच्या नोटिसा दिल्या, नुसतं नाव बदललेल्या. समान वागणूक म्हणजे काय ते नानांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. विसर्जनाच्या रात्री डीजेसमोर त्याच ॲपनं 98 दाखवले होते. नानांचं म्हणणं, मोबाइल खिशात तापला होता.

मुंबईहून पाहुणे आले की नाना त्यांना अलिबागच्या इस्रायल आळीत नेतात. सिनेगॉगसमोर उभं करून सांगतात, की नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून यांचे पूर्वज इथे लागले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाले, पेणकर-रोहेकर-किहिमकर अशी आडनावं लावली. "इतक्या शतकांत इथे कोणी यांच्या केसाला धक्का लावला? याला म्हणतात सहिष्णुता!" हे खरंच आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण महाराष्ट्र सरकारनं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा नानांनी त्याच दिवशी वही उघडली. बहुतेक ज्यू कुटुंबं कधीच इस्रायलला निघून गेलेली, मागे राहिली ती मोजकी घरं. त्यांच्या नावेही डाव्या रकान्यात एक ओळ पडली.

हा प्राणी एकाच धर्मात निपजतो असं मात्र समजू नका. मुरुडकडचे एक भाई आहेत, जहाजावरची नोकरी करून परतलेले. त्यांना वही लागत नाही, सगळं तोंडपाठ. 2014 साली मिळालेलं आणि त्याच वर्षी विरून गेलेलं 5 टक्के आरक्षण, 2015 चा गोवंश हत्याबंदीचा कायदा, सरकारी कचेरीतला सत्यनारायण. नाना आणि भाई अलिबाग-मुरुड एस.टी.त एकत्र आले की वाहक तिकिटं आधी फाडून घेतो. उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द 1976 साली, आणीबाणीत, 42 व्या दुरुस्तीनं घुसवला म्हणून तो काढा, ही नानांची जुनी मागणी. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तशा याचिका फेटाळल्या. भाईंनी गाडीत चढता चढताच विचारलं, "काय नाना, शब्द राहिला म्हणे?" आणि जागा मिळाल्यावर स्वतःच पुढे जोडलं, "आता बाकीचं कधी येतंय ते बघायचं."

त्या दिवशी गाडीत महाडचे एक निवृत्त गुरुजी होते. मुलीकडे निघालेले, मांडीवर पिशवी. रेवदंड्यापर्यंत दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग नानांची वही मागून घेतली. पानं चाळत म्हणाले, "चवदार तळं महाड नगरपालिकेनं 1924 सालीच ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर अगदी समान. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर आमची माणसं तिथे पाणी प्यायली, आणि आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्याच दिवशी त्यांना मारलं. हे मी 'त्यांना' मध्ये लिहू की 'आपल्याला' मध्ये?"

भाई खुशीत मान डोलवायला लागले. गुरुजींनी पान उलटलं. "आणि भाई, शाहबानो तुमच्या हिशेबात कुठे धरलीय? तिच्या पोटगीचं काय झालं?"

भाईंना एकाएकी कुंडलिकेच्या खाडीत बघण्यासारखं बरंच काही दिसलं. नानांनी वाहकाकडे सुट्ट्या पैशांची चौकशी केली. साळावचा पूल ओलांडेपर्यंत त्या सीटवर कायदा खरोखरच सगळ्यांना समान होता: कोणीच बोललं नाही.

इथपर्यंतचे नाना तुम्ही कुठेही पाहिले असतील. खरे नाना बघायचे तर अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात, नियोजनाच्या टेबलासमोर. सरकारनं देवळातून हात काढावा असं आदल्या संध्याकाळी टपरीवर सांगून नाना सकाळी पहिल्या गाडीनं तिथे पोचलेले असतात. काखेत फाइल. विषय: आमच्या ग्रामदेवतेच्या देवस्थानास 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळणेबाबत. दर्जा मिळाला की निधी. निधीतून भक्तनिवास, सभामंडप, स्वच्छतागृह, पेव्हर ब्लॉक आणि एक हायमास्ट दिवा. हायमास्टशिवाय आपल्याकडे कुठलाच देव आता उजेडात येत नाही. थोडक्यात, सरकारनं देवळातून हात जरूर काढावा, हातात आणलेलं मात्र ठेवून जावं.

बाहेरच्या बाकावर भाई असतात. त्यांचीही फाइल. मजकूर कब्रस्तानच्या संरक्षक भिंतीचा. अल्पसंख्याकबहुल गावांसाठी राज्याची योजना आहे, तिच्यातून पाहिजे. भिंत, पेव्हर ब्लॉक, आणि शेवटी हायमास्ट. इथे दोघं भांडत नाहीत. कुठल्या टेबलावर कोण बसतो, साहेब जेवायला किती वाजता उठतात, कुठला दाखला मागतात आणि कुठला नुसताच मागतात, याची देवाणघेवाण चालते. नानांना कार्यालय आतून माहीत, त्यामुळे भाईंच्या अर्जाचा मसुदा नानांनीच तपासून दिला. दोन आक्षेप काढले, लाल शाईत.

धर्म आणि राज्य वेगळं ठेवा म्हणणारे आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. मात्र राज्यानं वेगळं होण्याआधी शेवटचा हप्ता टाकून जावं अशी प्रत्येकाची इच्छा आहे, आणि राज्यालाही ते सोयीचं आहे, कारण हप्त्याच्या फलकावर आमदारांचा फोटो येतो. या सगळ्यात खरा सर्वधर्मसमभावी एकच: ठेकेदार. सभामंडप तोच बांधतो, भिंतही तोच बांधतो. सिमेंट दोन्हीकडे सारखंच कमी. पहिल्या पावसाळ्यानंतर पेव्हर ब्लॉक दोन्हीकडे सारखेच उखडतात. नानांनी याची नोंद वहीत केलेली नाही, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

नानांचा 'क' वर्गाचा प्रस्ताव नुकताच त्रुटी लावून परत आला. वर्षभरात येणाऱ्या भाविकांची संख्या जोडलेली नाही, असा शेरा. म्हणून सध्या वही बाजूला आहे. नाना देवळाच्या फाट्यावर खुर्ची टाकून माणसं मोजतात. काशिदला पोहायला चाललेल्या मोटारींतली मंडळी नुसती पत्ता विचारायला थांबली, तरी भाविकांत धरली जातात. परवा कोर्लईच्या चर्चला निघालेली एक आख्खी मिनीबस त्यांनी लिहून घेतली. तेव्हा या रस्त्यानं याल तर फाट्यावर मिनिटभर गाडी थांबवा. आडनाव सांगायला नको, त्या तक्त्यात धर्माचा रकाना नाही.