जायफळाची लाटे

कॅफेतल्या मेनूकार्डावर डावीकडचं नाव वाचायचं, उजवीकडची किंमत वाचायची आणि वेटरला साधं पाणी आणायला सांगायचं, हा माझा जुना रिवाज. भाचीला तो मुळीच मान्य नाही. पण महिनाअखेर कुणाला चुकली आहे? "मामा, फ्लेवर्ड लाटे घरीच करू," असं तिनं एका रविवारी जाहीर केलं.

लाटेच्या बुडाशी एस्प्रेसो लागतो. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण 9 बार दाबानं गरम पाणी ढकलायचं आणि 25 ते 30 सेकंदांत अर्क काढायचा. आमच्या घरात एवढा दाब फक्त भाचीच्या दहावीच्या वर्षी होता. कुकर जेमतेम 1 बारचा. इटलीत 1933 साली निघालेला मोका पॉटही दीड-दोन बारच्या पुढे जात नाही, म्हणजे तोही कुकरच्याच भावकीतला. शेवटी बाटलीतली इन्स्टंट कॉफी चमचाभर कडकडीत पाण्यात विरघळवली आणि तिलाच एस्प्रेसो म्हणायचं ठरलं.

खरा पेच दुधाचा. लाटेसाठी ते 60-65 अंशांपर्यंतच तापवायचं. तेवढ्यात गोडवा छान लागतो आणि दुधातली प्रथिनं फेसही धरून ठेवतात. "न उकळलेलं दूध प्यायचं?" बायको कडाडली. पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, हा युक्तिवाद तिच्या कोर्टात टिकत नाही. मग दूध उकळलं, निववलं, साय तुपासाठी जप्त झाली आणि उरलेलं पुन्हा कोमट केलं. फ्रॉदर नव्हता, रवी होती. ताकाच्या रवीनं उंच पातेल्यात असा काही फेस आला, की भाचीनं त्याचे फोटो काढले.

सिरप म्हणजे सम प्रमाणात साखर-पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. पण बायकोचा हात चिरोट्यांचा. दोन बोटांत तार दिसल्याशिवाय तिला पाक झाल्यासारखा वाटतच नाही. त्यामुळे व्हॅनिला सिरप बाटलीत ओतायच्या आधीच चमच्यासकट गोठलं.

तेव्हा भाचीनं पम्पकिन स्पाइस लाटेचं नाव काढलं. स्टारबक्सनं 2003 मध्ये ती आणली तेव्हा तिच्यात दालचिनी, जायफळ, आलं, लवंग असा मसाला होता, पण भोपळा नव्हता. तो 2015 मध्ये आला. "बारा वर्षं भोपळ्याशिवाय घारगे विकले?" बायकोनं विचारलं आणि मुकाट्यानं जायफळ किसायला घेतलं.

पुरणपोळीच्या जेवणानंतर वेलची-जायफळ घातलेली दुधाळ कॉफी आपल्याकडे कितीतरी घरांत वर्षानुवर्षं होते आहे. ही फ्लेवर्ड लाटे नाही तर काय? जगातली इतकी मुत्सद्दी कॉफी दुसरी नसेल. कॉफी उठवणार, जायफळ झोपवणार, आणि मधल्या मध्ये यजमान पाहुण्यांना "आडवे व्हा थोडे" म्हणायला मोकळा! माझ्या अनुभवात जिंकतं जायफळच, पण त्यात पुरणाचा वाटा किती, हे सांगणं कठीण.

तुम्हीही करून पाहा. जायफळ गॅस बंद केल्यावरच किसा, नाहीतर वास हवेत आणि कडवटपणा कपात. दोन कपांना चिमूटभर पुरे. आणि त्या दुपारी कुणालाही भेटायचं कबूल करू नका.