एकच काम दिवसभर पुरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घरात काम निघालं की लगेच उरकून मोकळं व्हायचं, ही खोड अनेक सुशिक्षित घरांत अजूनही दिसते. तिचे दुष्परिणाम उघड आहेत. काम साडेदहाला संपतं, उरलेला दिवस अंगावर येतो आणि जेवताना कोणीतरी माळा आवरण्याचा विषय काढतं. हे टाळायचं असेल, तर एकच काम सकाळच्या चहापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत पुरवता आलं पाहिजे. प्रस्तुत मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

नमुन्यादाखल बाबांचा हयातीचा दाखला घेऊ. पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. काम लहान आहे, पण नीट हाताळलं तर संध्याकाळपर्यंत सहज टिकतं.

दिवसाची निवड

रविवार घेऊ नये. रविवारी बँक बंद असते, काम आपोआप अडतं, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. दुसरा आणि चौथा शनिवारही याच कारणासाठी बाद. १ सप्टेंबर २०१५ पासून त्या दिवशीही बँका बंद असतात. पहिला किंवा तिसरा शनिवार उत्तम. बँक उघडी आहे, आपल्याला सुट्टी आहे, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पेन्शनचे कागद पिशवीत भरून खुर्चीत बसले आहेत. अशा सर्व बाजूंनी अनुकूल परिस्थितीत काम अडवून दाखवण्यातच खरा कस लागतो.

पायरी पहिली : दळण

थेट बँकेकडे निघू नये. चपला घालताना थोडं रेंगाळावं, म्हणजे आतून आई म्हणते, "बाहेर जातोच आहेस, तर तेवढं दळण टाकून ये." डबा गिरणीत ठेवून परत येणं हा नवशिक्यांचा प्रकार झाला. नंबर लावून तिथेच थांबावं. आपला गहू आधीच्या कोणाच्या बेसनावर पडत नाही ना, यावर नजर ठेवावी.

आईने उपवासाची भाजणी दिली असेल, तर नशीब उघडलं म्हणायचं. ती गव्हाच्या चक्कीवर पडली तर उपवास मोडतो, म्हणून बऱ्याच गिरण्यांत तिचा वार ठरलेला असतो. तो वार आधी फोन करून विचारू नये. भाजणी जशीच्या तशी परत आणावी आणि तिची हकिकत घरात सविस्तर सांगावी. अकरा वाजतात.

पायरी दुसरी : घरबसल्या करण्याचा निर्णय

आता बाबा विचारतील, "निघायचं का रे?" इथे घाई करू नये. 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून हा दाखला घरबसल्या देता येतो, ही माहिती त्यांना शांतपणे द्यावी. बँकेत रांग असेल, उन्हात कशाला जायचं, अशी काळजीही व्यक्त करावी. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे वळावं.

एक सावधगिरी. हेच काम हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. घरात कॉलेजात जाणारी भाची वगैरे असेल, तर तिला या टप्प्यावर आसपास फिरकू देऊ नये.

पायरी तिसरी : कॉम्प्युटर

बटण दाबावं. कॉम्प्युटर नुसताच बीप बीप करील आणि पडदा काळा राहील. यावर प्रत्येक घरात एक उपाय ठाऊक असतो : सीपीयूचं झाकण काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यायची आणि तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवायचा. तिथे साचलेला मळ वीज नीट जाऊ देत नाही, तो निघतो आणि मशीन बऱ्याचदा चालू होतं. उपाय खरोखर लागू पडतो, म्हणूनच तो सर्वांत शेवटी करावा. आधी वायरी काढून पुन्हा लावाव्यात, यूपीएसला दोष द्यावा, वीज मंडळाच्या कारभारावर थोडं बोलावं. खोडरबरही लगेच सापडता कामा नये.

मशीन चालू झालं की उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी. ती १ जानेवारी २००९ किंवा अशीच काहीतरी असेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला, की दर वेळी कॉम्प्युटर आपल्या जन्मकाळात जाऊन बसतो. तारीख चुकली म्हणजे फक्त घड्याळ चुकलं, असं समजू नये. प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर मुदत असते. २००९ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं, आणि तो वेबसाइट धोकादायक असल्याचं लाल अक्षरांत सांगतो. बाबा २००९ साली हयात होते याबद्दल बँकेला शंका नाही. तिला यंदाचं हवं आहे.

तारीख हाताने बदलता येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते करू नये. "मुळावरच घाव घातला पाहिजे," असं म्हणून सेल आणायला निघावं. घड्याळवाल्याकडे, इलेक्ट्रिकच्या दुकानात, कुठेही तो मिळतो. त्यामुळे दुपारी एक ते चार बंद असणारं दुकान शोधून तिथेच जावं. चार वाजता सेल बसतो, तारीख जागेवर येते आणि मग ब्राउझर जुना झाल्याची पाटी दिसते. ब्राउझर नवा घ्यावा तर त्याला नवी विंडोज हवी. विंडोज ७ ची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, थांबवली. गोड बोलण्याचा प्रश्नच नव्हता. आणि एवढं सगळं जमलंच, तरी शेवटी अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र लागतं, ते घरात नसतं. ही गोष्ट आपल्याला सकाळपासून माहीत असणं हे पद्धतीचं मर्म आहे.

पायरी चौथी : जुना टीव्ही

कॉम्प्युटर एकटा दिवसभर पुरत नाही. त्याला जुन्या टीव्हीची जोड द्यावी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९८२ साली टीव्हीला रंग आले; तेव्हापासून घरोघर मुक्कामाला असलेल्या पाठमोठ्या ठोकळ्यांपैकी एक तरी आईने क्रोशाचं झाकण घालून जपलेला असतो. छतावरच्या अँटेनाला आता काम उरलेलं नाही. सेटटॉप बॉक्सच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना खोचून गाडी चालते.

सीपीयू उघडताना कॉम्प्युटरचे स्वस्तातले स्पीकर उचलून टीव्हीशेजारी ठेवावेत. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. पिक्चर ट्यूबमधले इलेक्ट्रॉनचे किरण त्याने भरकटतात आणि थोड्याच वेळात निवेदिकेचा एक गाल हिरवा, दुसरा जांभळा होतो. स्पीकर हलवले तरी डाग राहतो, कारण पडद्यामागची बारीक भोकांची धातूची जाळी चुंबकित झालेली असते. ती पूर्ववत करणारं वेटोळं सेटमध्येच बसवलेलं असतं. टीव्ही लावताना जो 'धम्म' आवाज येतो, तो त्याचाच. पण बहुतेक सेटमध्ये ते थंड असतानाच नीट काम करतं. म्हणून मेन स्विच बंद करून अर्धा तास स्वस्थ बसावं लागतं. संपूर्ण पद्धतीत याहून निर्मळ अर्धा तास दुसरा नाही.

चित्र थरथरत असेल तर सेटच्या उजव्या बाजूला चापट मारावी. ही अंधश्रद्धा नाही. वर्षानुवर्षं तापून आणि निवून आतल्या सर्किटचे डाग दिलेले सांधे चिरतात, धक्क्याने तात्पुरते पुन्हा टेकतात. चापट किती जोरात मारायची हे मात्र घरातल्या एकाच माणसाला जमतं, आणि ते बहुधा बाबा असतात.

एक सूचना मात्र गंभीरपणे वाचावी. टीव्हीचं मागचं झाकण उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. हयातीच्या दाखल्याच्या दिवशी हा धोका विशेष अनिष्ट.

मेकॅनिकला बोलवायचं असेल, तर बोलवावं. या शास्त्राचा तो खरा आचार्य. तो सेटकडे दुरूनच बघतो, "पार्ट येत नाहीत आता, काका," म्हणतो, आणि तरीही सेट दुकानात ठेवून घेतो.

संभाव्य धोके

या पद्धतीला सर्वांत मोठा धोका ज्येष्ठ नागरिकांकडून असतो. आपण टेबलाखाली वायरी शोधत असताना ते खुर्चीतून उठतात, समोरच्या सोसायटीतल्या मित्राला हाक मारतात, रिक्षाने बँकेत जातात, काउंटरवर सही आणि अंगठा देतात आणि येताना कोपऱ्यावर चहा पिऊन, टीव्हीच्या रिमोटचे सेल घेऊन परत येतात. आपण मान वर करतो तेव्हा पोचपावती पिशवीत असते. यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.

शंकासमाधान

शंका : नातवंडं म्हणतात, जुना टीव्ही लावला की शिट्टी वाजते. आम्हाला तर काही ऐकू येत नाही.
समाधान : दोघंही बरोबर. चित्राच्या ६२५ रेषा सेकंदाला २५ वेळा, म्हणजे १५,६२५ रेषा आखताना सेटमधून तेवढ्याच कंपनांचा बारीक आवाज निघतो. वय वाढतं तसे इतके उंच स्वर कानातून गळतात. नातवंडांशी वाद घालू नये.

शंका : नवा कॉम्प्युटर घेतला तर?
समाधान : काम वेळेत होईल. जोखीम तुमची.

शंका : बाबा दाखला देऊन आलेच, तर उरलेल्या दिवसाचं काय करावं?
समाधान : कॉम्प्युटर सोडू नये. दाखला एक वर्षच चालतो, पुढचा नोव्हेंबर फार लांब नाही. आणि अंगठ्याचं यंत्र कोणी सवलतीत देऊ केलं, तर किंमत न विचारता नाही म्हणावं.