26 जूनची गर्दी

कोडोलीत कोंबडा आरवायच्या आधी मोबाईलवर दिनविशेष येतो. तो पाठवणारे आमचे बापू ऊस, सोसायटी आणि इतिहास या तिन्ही विषयांतले जाणकार. तिन्ही खाती थकबाकीत. ग्रुपवर आणखी काही हौशी मंडळी आहेत. त्यामुळे एकेक थोर पुरुष सकाळी सहापर्यंत चार-चारदा जन्म घेतो.

26 जूनला तर नुसती झुंबड. 1874, राजर्षी शाहू महाराजांचा जन्म. 1888, बालगंधर्वांचा जन्म. 1945, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या. 1975, आणीबाणी लागल्याचं देशानं सकाळी रेडिओवर ऐकलं. सगळ्यांना एकाच मापाचा गुलाब आणि खाली 'शुभ सकाळ'. यंदा एकानं या अख्ख्या यादीला 'हार्दिक शुभेच्छा' दिल्या. म्हटलं, आणीबाणीला पण? तर म्हणतो, "वरच्या वळीपुरत्या दिल्यात वो. खालचं कोण वाचतंय?"

वाचलं असतं तर पहिल्या दोन ओळींची सोयरीक कळली असती. नारायण राजहंस नावाच्या पोराचा गळा गोड, पण कानानं अधू. महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उपचारांना पाठवलं. पोरगं पुढं किर्लोस्कर नाटक मंडळीत गेलं आणि बालगंधर्व म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला नादी लावून बसलं. मिशनचा दवाखाना दारात असलेल्या कोडोलीकरांना तरी हे ठाऊक हवं! पण यादीत दोघे वडापच्या जीपमधल्या अनोळखी पाशिंजरांसारखे खेटून बसलेले.

चौकातल्या फ्लेक्सवर तर महाराज वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या मापाचे. खाली गॉगल लावून, फोन कानाला धरून भावी सरपंच. जयंती नेमकी कुणाची, हे परगावच्या माणसानं कुणाला तरी विचारूनच घ्यावं.

मुळात जन्माला येण्यात माणसाचं स्वतःचं कर्तृत्व ते काय? महाराजांनी केलेलं काम बरोबर महिन्यानं येतं, 26 जुलैला. 1902 साली त्या तारखेला करवीर संस्थानाचा जाहीरनामा निघाला: नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांना. आणि गंमत बघा, महाराज तेव्हा विलायतेत, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेलेले. 'साहेब बाहेर गेलेत, पुढच्या सोमवारी या' असं कुणी म्हटलं नाही.

1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया, म्हणजे चांगलाच झोंबणारा. न वाचता अंगठा दाखवणाऱ्यांना आज तोच दंड लावला, तर आमच्या ग्रुपच्या जिवावर गावच्या वाचनालयाला दर वर्षी नवी कपाटं घेता येतील.

26 जुलैला बापू कारगिल विजय दिवस टाकतात, मुंबईचा 2005 चा पाऊसही टाकतात. कोल्हापूरचा जाहीरनामा तेवढा राहतो. कारण विचारलं तर म्हणाले, "त्येचा फोटू कुठाय?"

तर बापू, येत्या 26 जुलैला पहाटे नुसता तो जाहीरनामा टाका. गुलाब नको, शुभ सकाळ नको. आणि भावी सरपंचांनी त्या दिवशी फ्लेक्स लावलाच, तर त्यावर मजकूर छापावा आणि स्वतःचा फोटो घरी ठेवावा.