हरकत नाही, असे समजून

सॉफ्टवेअर चढवताना समोर येणारा करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला एकच माणूस मला ठाऊक आहे. आमचे साताऱ्याचे काका. सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. न वाचता सही करायची नाही, हा बाणा घरीही तसाच. दूधवाल्याच्या महिन्याच्या हिशेबावरसुद्धा ते 'तपासले' असं लिहून खाली तारीख घालतात. तो करारनामा पडद्यावरच्या टीचभर चौकटीतून वाचवेना, म्हणून त्यांनी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि समासात लाल शाईने शेरे मारले. 'कलम ९ हे कलम ४ शी विसंगत.' 'दुसरा पक्षकार नेमका कोण?' 'कॅलिफोर्निया येथील न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य नाही.' एवढं झाल्यावर मला फोन. "वाचून झालं. आता सही कुठे करायची?"

सॉफ्टवेअर होतं दोन पीडीएफ एकमेकांना जोडायचं. फुकटातलं.

काकूंचं सगळं याच्या उलट. कॉम्प्युटर क्लासात त्या जे काही शिकल्या त्यातलं 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' एवढंच त्यांनी जपून ठेवलं. भजनं उतरवून घ्यायची असोत, पत्त्यांचा डाव असो की रुखवताची नक्षी, पडद्यावर काहीही उगवलं की काकू हो म्हणतात. "आपणहून विचारतंय बिचारं, तोंडावर नाही कशाला म्हणायचं?" आणि काका जेवढा वेळ एका कलमावर घालवतात तेवढ्यात काकूंच्या तीन वस्तू येऊन, चढून, चालू झालेल्या असतात.

मी घरातला कॉम्प्युटरवाला. म्हणजे शिक्षणाने नव्हे. वयाने लहान आणि स्वभावाने भिडस्त असल्यामुळे. दिवाळीला साताऱ्याला गेलो की चकलीचा दुसरा तुकडा तोंडात असतानाच वाक्य येतं, "जरा बघ रे, हल्ली फार स्लो झालाय." मग ताटली हातात घेऊनच मी आतल्या खोलीत जातो.

एका वर्षीचं दृश्य असं होतं. ब्राउझर उघडला तर वर एकाखाली एक टूलबारांची उतरंड. पहिल्यात हसरे, रडके, डोळा मारणारे चेहरे. दुसऱ्यात शोधपेटी, तिसऱ्यातही शोधपेटी, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नसावं, कारण एकीत काही लिहिलं की दुसरी थरथरायची. चौथ्यात हवामान होतं, पण ते अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं आणि फॅरेनहाइटमध्ये. काकू रोज सकाळी चहा घेताना तिकडे बघत. "आज एकशे एक दाखवतंय हो," त्या काळजीने म्हणाल्या, "काल नव्याण्णव होता." सगळ्यांत खाली एक लाल पट्टी लुकलुकत होती, तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा. एवढं सगळं झाल्यावर उरलेल्या चार बोटं जागेत वर्तमानपत्र उघडायचं. त्याचं नाव आणि तारीख तेवढी दिसायची. काका बातमी एकेक ओळ वर सरकवत वाचत होते, पण त्यांची तक्रार जागेबद्दल नव्हती. "यातलं एकही," ते काठीने पडद्याकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणाले, "माझ्या संमतीने आलेलं नाही."

आणि ते खरं होतं. काकांनी वाचूनही आलं आणि काकूंनी न वाचताही आलं, इतकी ती योजना पक्की होती. खूण करायच्या चौकोनात खूण आधीच असते. ती दिसू नये म्हणून 'शिफारस केलेली पद्धत' आणि 'फक्त जाणकारांसाठी' असे दोन रस्ते काढलेले असतात, आणि खूण पुसायचा चौकोन या जाणकारांच्या रस्त्यावर असतो. काका स्वतःला संगणकातले जाणकार समजत नाहीत. खोटं विधान करणं त्यांच्या रक्तात नाही, त्यामुळे ते शिफारशीच्याच रस्त्याने गेले. पुढे स्वीकाराचं बटण हिरवंगार, नकाराचं फिकट राखाडी, जणू ते दाबायची परवानगीच नाही. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य होतं, त्याचा मराठीत सारांश असा: 'वरील गोष्ट न बसवण्याचा पर्याय मला नको आहे.' काकांनी त्यावर अर्धा तास काढला. नकारांची बेरीज-वजाबाकी कागदावर मांडली. उत्तर दोनदा वेगवेगळं आलं.

"अठराशे बासष्ट!" काका एकदम म्हणाले. मला वाटलं टूलबारांनी दोष शोधून काढलेत त्यांचा आकडा असेल. पण तो एक जुना इंग्रज खटला होता, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. एका काकाने पुतण्याला पत्र लिहिलं, तुझा घोडा मी ३० पौंड १५ शिलिंगला घेतो. तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं धरतो. पुतण्याने उत्तर धाडलं नाही. पुढे लिलाव करणाऱ्या बिंडलीने चुकून तो घोडा विकून टाकला, काका कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं असं की समोरचा गप्प बसला म्हणून करार होत नाही. "तेव्हापासून हे ठरलेलं आहे," काका म्हणाले. "आणि आपला करार कायदा १८७२ चा. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार द्यायला हवा. पुतण्या गप्प राहिला म्हणून जर घोडा काकाचा होत नाही, तर मी गप्प राहिलो म्हणून हा टूलबार माझा कसा होईल? बरोबर आहे ना? कंपनीला पत्र लिहायचं. तू बस टाइप करायला."

मी गप्प राहिलो. काकांनी ती संमती धरली.

पत्राला उत्तर आलं नाही, पण काकांच्या बाजूने जग हळूहळू वळत होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या एका खटल्यात सांगितलं की कुकीसाठी आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या अशा तेरा प्रकारांची यादी काढली. गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, गोंधळात टाकणारे प्रश्न, पुन्हा पुन्हा विचारून भंडावणं, सगळं त्यात आहे. काकांनी तीही छापून आणली. एकेका प्रकारासमोर त्यांनी आमच्या घरातल्या घटनांच्या तारखा घातल्या आहेत.

काकूंना कायद्यात रस नाही. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: यात कुणाचं काय भलं होतं? रास्त प्रश्न. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हा धंदा आतून पाहिला, तेव्हा एका संगणकावर असा एक आगंतुक बसवल्याबद्दल १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत पैसे मिळतात असं दिसलं. फुकट पीडीएफ जोडणारा पोट भरतो ते यावर. काकूंनी पडद्यावरच्या पट्ट्या बोटाने मोजल्या, मनात गुणाकार केला आणि म्हणाल्या, "जागा आपली, वीज आपली. यातलं आपल्याला काहीच नाही?"

फुकट्यांचं एक वेळ समजू शकतं. पण मोठ्या घरचे लोकही यात होते, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. जावाचंच घ्या. आयकराचं विवरणपत्र भरायची एक सोय आपल्याकडे बरीच वर्षं जावावर चालायची, त्यामुळे जावा म्हणजे इंडोनेशियातलं बेट एवढंच ज्यांना माहीत होतं त्यांनीही तो जुलैच्या घाईत घरी आणला. त्याच्या अपडेटसोबत 'आस्क' नावाचा टूलबार यायचा, खूण आधीच केलेली. २०१३ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने शोधून काढलं की खूण पुसायची राहिली तरी हा टूलबार लगेच येत नाही. दहा मिनिटं दबा धरून बसतो, मग येतो. म्हणजे संशय येऊन कुणी ताबडतोब यादी तपासलीच, तर यादी धुतल्या तांदळासारखी. फ्लॅश प्लेअरच्या मागे मॅकॅफीचा तपासनीस यायचा. अ‍ॅपलने २००८ मध्ये विंडोजवाल्यांना आयट्यून्सच्या अपडेटच्या खिडकीतून सफारी ब्राउझर देऊ केला, ज्यांच्याकडे तो कधी नव्हताच त्यांनाही. त्यावर मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन लिली चिडले. ते प्रतिस्पर्धी होते, चिडणारच. पण त्यांचा मुद्दा चोख होता. अपडेट म्हणजे आहे त्याची डागडुजी, या विश्वासावर लोक हो म्हणतात. त्याच दारातून तुम्ही नवा माल आत ढकललात तर लोक डागडुजीलाही नाही म्हणायला शिकतील.

काका शिकले. त्यांनी सरसकट धोरणच ठरवलं: जे काही विचारेल त्याला 'नंतर'. त्यात अपडेटच्या जुन्या आठवणींची भर होतीच. नेट मोजून मिळायचं त्या काळात भारत संचार निगमच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ कितीही उतरवा, मोजणी नाही, अशी सवलत होती. काका पावणेदोनचा गजर लावून उठत, मफलर गुंडाळून कॉम्प्युटरसमोर बसत आणि निळी पट्टी सरकताना बघत. शेजारच्यांचा समज असा की निवृत्तीनंतर त्यांनी पहाटेची साधना सुरू केली आहे. त्यावरून दोन जण काकांच्या पाया पडून गेले. काकांनी खुलासा केला नाही. विचारलं नव्हतं म्हणाले.

मग मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला. दीडशेच्या वर देशांतले संगणक कुलूपबंद झाले, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. म्हणजे दोन महिने औषध दारात उभं होतं आणि जगभरचे लोक त्याला 'नंतर' म्हणत होते. रात्री काकांचा फोन. "बातम्यांत ते दाखवतायत. आपण 'नंतर' म्हणून कधीपासून ठेवलंय?" आठवत नव्हतं. त्या रात्री अपडेट सुरू झाला तो सकाळच्या पूजेपर्यंत. अधूनमधून पडद्यावर 'संगणक बंद करू नका' असं येत होतं आणि काका ते मोठ्याने वाचून काकूंना सांगत होते, जणू त्या तेवढ्यासाठीच टपून बसल्या आहेत.

तरी मी काकांना सगळा दोष देणार नाही, कारण अगदी आदल्याच वर्षी 'नको' म्हणायची जागाच हलवली गेली होती. विंडोज १० फुकट देण्याची ती मोहीम. मे २०१६ च्या सुमारास असं झालं की त्या निमंत्रणाची खिडकी कोपऱ्यातली फुली मारून बंद केली, तरी ठरलेल्या वेळी नवी प्रणाली चढायची. फुलीचा अर्थ 'नको' हा संगणकावरचा जुना संकेत, आणि तो एका रात्रीत 'बरं' झाला. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचा धंद्याचा संगणक अशा न मागितलेल्या बदलाने निकामी झाला, तर त्यांनी दावा लावून १० हजार डॉलर वसूल केले. काकांनी ती बातमी कापून ठेवली आहे. तिच्यावर शेरा नाही. फक्त लाल शाईने एक मोठं, समाधानी 'मान्य'.

आणि आता नवंच. ज्याला एवढी वर्षं टाळलं तो अपडेटच म्हणतो, मी येणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत डागडुजी थांबली. विंडोज ११ ला जी सुरक्षेची चिप लागते ती काकांच्या यंत्रात नाही. आणखी एक वर्ष हवं असेल तर तीन मार्ग ठेवले होते: ३० डॉलर भरा, कंपनीचे हजार गुण खर्च करा, नाहीतर खात्यात शिरून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवा. वसुबारसेला मी पोहोचलो तर काका टेबलाशी बसले होते, छापलेल्या अटी समोर, चष्मा कपाळावर. "तीस डॉलर द्यायचे, आणि कशाचे? वीस वर्षं जे नको नको म्हणून हाकललं त्याचे! शिवाय तिसरा मार्ग बघ. फुकट म्हणतात आणि आपलं सगळं मागतात. मी हरकत नोंदवतोय." कलम तीनपर्यंत ते आले होते. मी हिशेब केला, या वेगाने सही व्हायला तुळशीचं लग्न उजाडेल आणि तोवर यंत्र उघड्यावर.

"काकू, ते वर्षभराचं काही विचारत होतं का कॉम्प्युटरवर?" मी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

काकूंनी झारा कढईच्या कडेला ठेवला. "ते होय? ते गेल्या आठवड्यातच विचारलं. खातं उघडू का म्हणालं, हो म्हटलं. साठवू का म्हणालं, हो म्हटलं. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत झालंय म्हणे. ह्यांना सांगू नकोस, अजून वाचतायत."