खालची फणी

आमच्या वाडीत दिवेलागण झाली की सापाला साप म्हणत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘जनावर’. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या माई गडग्यापलीकडून ओरडल्या, ‘‘भाऊनू, तुमच्या न्हाणीत जनावर शिरला हा!’’ तेव्हा कुणाची तरी सुटलेली गाय हाकलायच्या बेताने मी छत्री घेऊन ‘हॅक हॅक’ करत आत गेलो. गाय जिथे असायला हवी तिथे, म्हणजे छातीच्या उंचीवर, मी बघत होतो. जनावर जमिनीवर होतं. तांब्याच्या हंड्याला दीड वेढा घालून, मान जराशी उचलून ते माझ्याकडे बघत होतं.

छत्री मी नेमकी केव्हा उघडली ते आठवत नाही, पण बाहेर आलो तेव्हा ती उघडी होती.

माई आल्या, दारातूनच वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘धामण ती. काय करूची नाय. उंदराच्या मागसून इली हा. दार उघडा ठेवा, जायत आपली.’’ ती गेली, पण फार लांब नाही. लाकडं ठेवायच्या मांगरात तिने मुक्काम केला. सहा-सात फुटांची होती. धामणीला विष नसतं आणि उंदीर हाच तिचा मुख्य व्यवसाय, हे मी नंतर वाचलं. माईंनी ते एका वाक्यात सांगितलं, ‘‘राखण असा ती घराची.’’ त्या वर्षी आमच्या तांदळाच्या पिंपामागची खुडबुड खरोखरच थांबली. वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचा नारळ द्यायची इथे रीत आहे. धामणीला काय द्यायचं ते माईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

फुरशाची गोष्ट मात्र वेगळी. ते लहानसं असतं, पाचोळ्याच्या रंगाचं, आणि डिवचलं की वेटोळ्यावर वेटोळं घासून तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज करतं. त्याच्याबद्दल विनोद करायची माझी हिंमत नाही. रात्री अंगणात जायचं तर विजेरी आणि पायांत बूट, आणि चावलंच तर कुठल्याही मांत्रिकाच्या दारात न थांबता थेट इस्पितळ, एवढं सांगून मी पुढे जातो.

पुढे म्हणजे खरं तर मागे. निवृत्तीपर्यंत आम्ही डोंबिवलीत होतो. तिथलं वन्यजीवन म्हणजे खिडकीच्या जाळीवरची कबुतरं. जंगल बघायचं तर सुट्टी, रेल्वेचं आरक्षण, जीपचे पैसे आणि पहाटे चारचा गजर. विदर्भातल्या एका अभयारण्यात आम्ही तीन फेऱ्या मारल्या होत्या. वाघाचं एक पाऊल दिसलं, आणि त्या पावलाभोवती उभ्या राहिलेल्या अकरा जिपा. ते पाऊल फोटोत नीट आलं नाही, जिपा आल्या. मग सावंतवाडी तालुक्यातलं, आंबोली घाटाच्या पायथ्याचं हे वडिलोपार्जित घर दुरुस्त केलं आणि इथे आलो. पहिल्याच आठवड्यात सकाळी ओटीवर चहा पिताना समोरच्या भाताच्या कुणग्यात मोर उतरला. तिकीट नाही, गाइड नाही, चहा हातातच. मी इतका भारावलो की हळू आवाजात पत्नीला हाक मारली आणि माईंनाही खुणेने बोलावलं.

माई आल्या आणि त्यांनी मोराला एक ढेकूळ मारलं.

‘‘सरस्वतीक सांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुजा वाहन घेवन जा म्हणा. तरवो सगळो उकरून टाकल्यान.’’ तरवा म्हणजे लावणीसाठी टाकलेली भाताची रोपं. पेरलेलं भात मोर वेचून खातो, मिरचीची रोपं ओरबाडतो, आणि 1963 पासून तो राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे ढेकळापलीकडे त्याला काही करता येत नाही. खरं तर ढेकूळसुद्धा बेतानेच. मी पेल्यातला चहा संपवला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. माझा आनंद हा फुकट्याचा होता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझं त्या कुणग्यात काहीच पेरलेलं नव्हतं. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणाला ‘किती छान रंगलंय’ म्हणावं, तसा मी मोराला छान म्हणत होतो.

तेव्हापासून मी माईंसमोर जनावरांचं कौतुक करत नाही. निदान मोठ्याने करत नाही. रानडुकरांनी सुरण उकरला की मी चेहरा गंभीर करतो. पण गंमत अशी की हळूहळू माईंचं एक गुपित माझ्या लक्षात यायला लागलं.

ते कळलं वानरांमुळे. फेब्रुवारीत फणसाला कुयऱ्या, म्हणजे कोवळी फळं, धरतात आणि काळतोंड्या वानरांची टोळी बरोबर त्याच सुमाराला वाडीत येते. कुयरी चावायची, नाही आवडली तर टाकायची, दुसरी तोडायची. अर्धा फणस खाऊन आणि अर्धा चाखून संपवतात. माई बेचकी घेऊन खळ्यात उभ्या राहतात. सत्तरीच्या बाईचा नेम बघून मी थक्क होतो. पण त्याहून थक्क होतो त्यांच्या शिव्या ऐकून, कारण त्या सरसकट नसतात. शेपटीचं टोक तुटलेल्या हुप्प्याला एक शिवी, कौलांवर नाचणाऱ्या दोन उंडग्या पोरांना दुसरी, आणि फांदीच्या बेचक्यात बसून शांतपणे खाणाऱ्या एका म्हातारीला तिसरी, जरा आदराची. माईंना त्या टोळीतला एकेक जण ठाऊक आहे. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत मला इतके लोक ठाऊक नव्हते.

एकदा त्यांनी बेचकी ताणली, नेम धरला आणि तशीच खाली केली.

‘‘तीका नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओली बाळंतीण असा.’’

मी बघितलं. मादीच्या पोटाला एक काळसर गाठोडं चिकटलेलं होतं, आणि त्यातून फिकट गुलाबी तोंड बाहेर आलेलं. मोठेपणी ही माणसं (चुकून माणसं लिहिलं, राहू दे) अंगाने राखाडी आणि तोंडाने काळी होतात. जन्मताना बरोब्बर उलटी असतात, अंग काळं आणि तोंड गोरं. शेजारची दुसरी मादी सरकत सरकत आली, तिने ते गाठोडं अलगद उचललं, हुंगलं आणि तिसरीकडे दिलं. पहिली तेवढ्यात कुयरी खायला मोकळी झाली. वानरांमध्ये ही पद्धतच आहे, पोर हातोहात फिरतं. ‘‘चार दिस झाले असतीत,’’ माई अंदाजाने म्हणाल्या आणि मग डोळे बारीक करून त्यांनी शेपटीतुटक्या हुप्प्यावर खडा सोडला. तो नेमका बसला.

त्यानंतर माई मोरावर ढेकूळ टाकताना मी त्यांच्या हाताकडे नीट बघितलं. ढेकूळ मोराच्या वीतभर मागे पडतं. वानराला खडा बरोब्बर लागतो, मोराला कधीच नाही.

माईंच्या बहिणीला दिलंय तिलारीकडे, दोडामार्ग तालुक्यात. ती आली की आमच्या वाडीच्या सगळ्या तक्रारी पोरकट ठरतात. 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि तेव्हापासून त्या भागातले लोक बाकी कुठल्याच जनावराला फारशी किंमत देत नाहीत. माई गव्याचं सांगायला लागल्या की बहीण म्हणते, ‘‘गवो? गवो म्हणजे आमच्याकडची म्हस गो!’’ आणि मग माड मोडून त्यातला गाभा हत्ती कसा खातो ते हातवारे करून सांगते. त्या दोघींमध्ये मी बसलो की वाटतं, ही नुकसानीची चर्चा आहे की लग्नातल्या मानपानाची?

गव्याला मात्र म्हैस म्हणायला मी तयार नाही. सावंतवाडीहून येणारी शेवटची एसटी एका रात्री वळणावर थांबली. चालकाने आधी हॉर्नवरचा हात काढला, मग दिवे मंद केले. रस्त्याच्या मधोमध एक नर उभा होता. वजनदार गवा हजार किलोपर्यंत जातो म्हणतात. काचेतून बघताना कोणी वजनकाटा आणला नव्हता, पण एसटीला तो फार काही लहान दिसत नव्हता. अंग काळंभोर, आणि चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, शाळेच्या पहिल्या दिवशी घातल्यासारखे स्वच्छ. बसमध्ये आम्ही सात-आठ जण. मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, ‘‘हॉर्न मारा हो, जाईल.’’ चालक वळलाही नाही. ‘‘तेचो रस्तो,’’ तो म्हणाला. ‘‘तो जायत तेवा आपण जांव.’’ गव्याने एक लांब सुस्कारा सोडला, तो काचेवर आल्यासारखा वाटला. मग तो उतारावरच्या कारवीत शिरला. एवढा देह, आणि फांदी मोडल्याचा आवाज नाही. मी घरी येऊन सगळं सांगितलं, तर माईंचा पहिला प्रश्न होता, ‘‘खंयच्या बाजून गेलो?’’ त्यांची नाचणी त्या बाजूला होती.

आमच्या पत्नीचं असं काही नाही. तिचा जनावरांशी व्यवहार वेगळा आहे. दिवाळीनंतर खळं चोपून, शेणाने सारवून ती तयार करते. माईंनीच शिकवलं. ओलं सारवण रात्रभर सुकत असतं आणि सकाळी त्यावर हजेरीपट उमटलेला असतो. चौतीस वर्षं मी कार्यालयात मस्टरवर सही केली, त्यामुळे असल्या गोष्टी मला चटकन वाचता येतात: हे मुंगूस, ही कोंबडी, हा साळिंदर, त्याच्या मागून घासत गेलेल्या काट्यांच्या रेघा. एका सकाळी तिथे तळव्यासकट चार बोटांचा मोठा ठसा होता. कुत्र्याच्या ठशात पुढे नखं टेकलेली दिसतात, यात नव्हती. बिबट्या. इथे त्याला वाघच म्हणतात. मी मान वर केली तेव्हा आमचा कुत्रा माजघरात कपाटाखाली होता, आणि पत्नी कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, ‘‘मेल्याने सगळं सारवण मोडलं.’’ अभयारण्यात ज्या पावलासाठी पैसे भरले होते, त्यावर तिने सकाळी नऊच्या आत शेणाचा हात फिरवला.

देवराईतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाचं घर असतं. गावात त्याला गरुड म्हणतात. तो उडत आला की आधी पंखांचा भस्स-भस्स आवाज ऐकू येतो, कोणी भाता ओढतंय असा, आणि मग ती भलीमोठी चोच. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा-चिखलाने दार आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. मग आत अंडी, पिल्लं, आणि बाहेर नर उंबरं, वडाची फळं, काजऱ्याची फळं घशात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. मी भक्तिभावाने हे पत्नीला समजावून सांगत होतो. नराचे कष्ट जरा रंगवूनच सांगितले, त्यात माझाही स्वार्थ होता. तिने दुर्बीण घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘दोन-तीन महिने कोणी दार वाजवणार नाही, पाहुणे नाहीत, आणि जेवण आयतं. अशी ढोली भाड्याने मिळते का बघा.’’

आता केळीचं. फुकट्या म्हणून राहायची लाज वाटून मी परसात वेलची केळीचे चार मुनवे लावले. गेल्या वर्षी एकाला घड आला. मी रोज त्याच्याखाली उभा राहून मान वर करायचो. माई म्हणाल्या, ‘‘आता काढा.’’ मी म्हटलं, दोन दिवस थांबू, झाडावर जरा रंग येऊ दे. दुसऱ्या रात्री कौलांवर मऊ पावलं वाजली, कुठेतरी आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास आला आणि गेला. रात्री दोन वाजता भात कोण शिजवणार, म्हणून मी कूस बदलली. सकाळी घडाचा दांडा होता, त्याला वरच्या दोन फण्या होत्या, बाकी सालं. गडग्यावरच्या सपाट दगडावर काही दिवसांनी बियांनी भरलेली लेंडी मिळाली, त्यात केळ्याबरोबर भेरली माडाच्या बियाही होत्या. उदमांजर. आमच्याकडे कांडेचोर म्हणतात, आणि त्या सकाळी त्यातला ‘चोर’ मला फार पटला.

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर पाहिलं तर गडग्यापलीकडे माई उभ्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. ‘‘भाऊनू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता तुमी गाववाले झालात.’’

गडग्याच्या त्या दगडाखाली या पावसात भेरली माडाची दोन रोपं उगवली आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

यंदा दुसऱ्या केळीला घड आला. या वेळी मी शहाणा झालो होतो. माईंकडून गोणपाट आणलं, शिडी लावली, घड गुंडाळून काथ्याने पक्का बांधला. रात्री पाऊस थांबल्यावर पत्नीने अंधारात मला हलवलं.

‘‘आला वाटतं. आज उशीर केला.’’

मी कान दिला. पावलं पागोळीकडे चालली होती. भाताचा वास खोलीत येऊन थांबला.

‘‘घड नीट बांधलाय ना?’’

‘‘बांधलाय.’’

‘‘सगळा?’’

‘‘गोणपाट जरा कमी पडलं,’’ मी म्हटलं. ‘‘खालची एक फणी बाहेर राहिली.’’

ती थोडा वेळ गप्प होती. ‘‘राहिली की ठेवलीत?’’

मी झोपलो असल्यासारखा श्वास घेतला. वर एक कौल सरकलं.