शिकतो कोण, फी भरतो कोण

अमेरिकेत अडेल घोड्यांसाठी प्रशिक्षण शिबिरे भरतात. फी भरतो मालक आणि शिकवावे लागते बहुतेकदा त्यालाच. गोल रिंगणात गुरुजी दोर ताणतात. घोड्याने मान जराशी वळवली, की त्याच क्षणी ढील देतात. घोडा शिकतो तो या ढिलीमुळे. त्याला हे चटकन उमगते. मालक पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतो.

बर्लिनचा ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवतो, असा बोलबाला होता. १९०७ साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवले, की तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. म्हणजे घोड्यांचा माणसांविषयीचा अभ्यासक्रम केव्हाच पुरा झालाय, तोही विनाशुल्क.

साहेबलोकांना मात्र या शिबिरांना पाठवू नये. ताणणे त्यांना येतेच. वेळेवर ढील द्यायला शिकले, तर कचेऱ्यांत कामे होऊ लागतील!